घरी बनवलेल्या गिटारला पिकअप कोणता?

ब्रायन मेची गिटार त्यानं आणि त्याच्या वडिलांनी घरीच बनवली, ही गोष्ट 'क्वीन'च्या चाहत्यांना तोंडपाठ असते. १९६३च्या ऑगस्टमध्ये काम सुरू झालं आणि पुढं दोनेक वर्षं चाललं. गिटारची मान एका जुन्या फायरप्लेसच्या महोगनीतून निघाली, ट्रेमोलोला मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा लागल्या. पण या कहाणीतला आपल्या कामाचा भाग जरा बाजूला पडतो. त्या गिटारचे पहिले पिकअपही मेनं स्वतःच गुंडाळले होते आणि ते त्याला काढून टाकावे लागले. त्यातल्या चुंबकांचे ध्रुव उत्तर-दक्षिण असे आलटूनपालटून लागले होते. तार ओढून सूर चढवायला जावं तर ती एका ध्रुवावरून दुसऱ्याच्या हद्दीत शिरायची आणि सुरात खरखर यायची. शेवटी त्यानं बर्न्स कंपनीचे 'ट्राय-सॉनिक' नावाचे तीन तयार पिकअप विकत आणले, मोठ्या आवाजात ते शिट्टी मारू नयेत म्हणून आत अ‍ॅराल्डाइट भरलं आणि तिन्ही सिरीजमध्ये जोडले. प्रत्येकाला एक चालू-बंद बटण आणि एक फेज उलटवायचं बटण. पुढची पन्नास-साठ वर्षं जगानं ऐकला तो हा आवाज.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात एडी व्हॅन हेलननं पन्नास डॉलरची बॉडी आणि ऐंशी डॉलरची मान आणून गिटार जोडली. त्याला फेंडरचा ट्रेमोलो हवा होता आणि गिब्सनचा जाड आवाज. म्हणून त्यानं गिब्सन ईएस-३३५ मधला हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, उचकटला, पॅराफिन मेणात बुडवला आणि ब्रिजपाशी थोडा तिरका बसवला. तिरका का, तर फेंडरच्या ब्रिजवर तारा जास्त फाकलेल्या असतात आणि गिब्सनच्या पिकअपचे खिळे त्यांच्याखाली नीट येत नाहीत. तिरका केल्यावर येतात. एक पिकअप, एक व्हॉल्यूमचा पॉट, संपलं. १९७८चा पहिला अल्बम त्याच गिटारवर झाला.

एकानं तीन सिंगल कॉइल आणि सहा बटणं लावली, दुसऱ्यानं एकाच हंबकरवर भागवलं. वाटा अगदी उलट, पण एक गोष्ट दोघांकडे सारखी होती: आपल्या गिटारबद्दलची तक्रार काय आहे, हे दोघांनाही नेमकं ठाऊक होतं. 'तार ओढली की खरखरतं.' 'ट्रेमोलो आहे, पण आवाज पातळ आहे.' नवा पिकअप घ्यायला निघालेल्या आपल्यापैकी बहुतेकांकडे ही तक्रारच नसते. 'आवाजाला मजा नाही' एवढंच असतं, आणि मग कोणाच्या तरी आवडत्या वादकाच्या नावाचा पिकअप मागवला जातो. या लेखात पिकअपांची यादी देण्यापेक्षा कोणत्या तक्रारीवर कोणता उपाय चालतो आणि कोणता उगाच महाग पडतो, हे पाहायचं आहे.

सुरुवात फुकटच्या उपायापासून करावी. पिकअपच्या दोन बाजूंचे स्क्रू फिरवून त्याची उंची बदलता येते, आणि घरी जोडलेल्या गिटारमध्ये ही उंची जवळपास नेहमीच अंदाजपंचे राहिलेली असते. दोन्ही टोकांच्या तारा शेवटच्या फ्रेटवर दाबून धरायच्या आणि पिकअपच्या खिळ्यापासून तारेपर्यंतचं अंतर मोजायचं. ब्रिजच्या पिकअपला बारीक तारेखाली दोन मिलिमीटर, जाड तारेखाली अडीच, इथून सुरुवात करून कानानं पुढे जायचं. नेकचा पिकअप आणखी खाली. तिथं तार जास्त हलते, त्यामुळे तोच पिकअप नेकपाशी मोठा वाजतो आणि ब्रिजपाशी किरकोळ. 'ब्रिजचा पिकअप कमजोर आहे, बदलायचाय' म्हणणाऱ्या कित्येकांची तक्रार नेकचा पिकअप चार फेरे खाली उतरवल्यावर मिटते. स्ट्रॅटोकास्टर पद्धतीच्या पिकअपमध्ये खिळे म्हणजेच चुंबक असतात. ते तारेच्या फार जवळ आणले तर तारेलाच खेचून धरतात. मग जाड तार वरच्या फ्रेटवर वाजवली की एका सुरात दोन सूर भांडतात, आणि बिचारा वादक ब्रिजवर इंटोनेशन जुळवत बसतो.

त्यानंतर मल्टीमीटर घेऊन पॉट मोजावेत. सिंगल कॉइलला २५० किलोओहमचा आणि हंबकरला ५०० किलोओहमचा पॉट, ही रूढ जोडी. स्वस्त किटमध्ये जो मिळेल तो लावलेला असतो, आणि पॉटवर छापलेला आकडा वीस टक्के इकडेतिकडे असणं तर नियमातच बसतं. म्हणजे ५००चा म्हणून आणलेला पॉट ४०० भरू शकतो. हंबकर दबलेला, गोधडीत गुंडाळल्यासारखा वाजतोय आणि पॉट २५०चा निघाला, तर आधी पॉट बदला. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत पॉटला लागणारे पैसे आणि नावाजलेल्या अमेरिकन हंबकरचे शंभरेक डॉलर, वर टपाल आणि कस्टम, यांची तुलनाच नको. पॉट घेताना 'ए' की 'बी' तेही बघावं. 'बी' म्हणजे सरळ चढणारा. व्हॉल्यूमला तो लावला की फिरवण्याच्या एका टोकापाशी सगळा आवाज एकदम पडतो.

एवढं करूनही तक्रार उरलीच, तर मग पिकअप.

पिकअपच्या आत फार काही नसतं. चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेची काही हजार वेटोळी. स्ट्रॅटच्या पिकअपमध्ये साधारण आठ हजार, हंबकरच्या प्रत्येक कॉइलमध्ये पाचेक हजार. पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात हलते, क्षेत्र हेलकावतं आणि कॉइलमध्ये काही शे मिलिव्होल्ट तयार होतात. फॅरडेनं १८३१ मध्ये दाखवलेलं तेच हे तत्त्व. जॉर्ज बोशँप आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांनी तीसच्या दशकाच्या सुरुवातीला ते गिटारला लावलं. ती पहिली गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार होती. आकारामुळे तिला 'फ्राइंग पॅन' म्हणत. आपल्याकडच्या जुन्या पिढीनंही इलेक्ट्रिक गिटार पहिल्यांदा ऐकली ती याच रूपात, व्हॅन शिप्ले आणि हजारासिंग यांच्या रेकॉर्डवर.

आता त्या सुप्रसिद्ध आकड्याकडे येऊ. पिकअपच्या खोक्यावर एक आकडा ठळक छापलेला असतो: ७.६ के, १३.७ के, १६.४ के. हा कॉइलच्या तारेचा रोध, किलोओहममध्ये. विकणारे आणि वाजवणारे दोघंही यालाच पिकअपची 'ताकद' समजतात. सुताच्या गुंडीचं वजन करून साडीचा रंग सांगावा, त्यातला हा प्रकार. रोधावरून तारेची लांबी आणि जाडी यांचा मेळ तेवढा कळतो. तेवढीच वेटोळी ४२ गेजऐवजी ४३ गेजच्या बारीक तारेनं घातली तर रोध पाव हिश्शानं वाढतो, पण पिकअप त्यामुळे पाव हिश्शानं जोरदार होत नाही. त्यात तांब्याचा रोध तापमानाबरोबरही चढतो, दर अंशाला सुमारे ०.४ टक्के. २० अंशांना ८ के दाखवणारा पिकअप नागपुरात मे महिन्याच्या दुपारी, ४० अंशांच्या खोलीत, ८.६ दाखवेल. ताकद वाढलेली नसते, उकाडा वाढलेला असतो.

स्वतः कॉइल गुंडाळायला निघालेल्यांसाठी याच गेजमध्ये एक खड्डा आहे. पिकअपच्या जगातला ४२ हा आकडा अमेरिकन गेजचा; ती तार ०.०६३ मिलिमीटरची. आपल्याकडच्या वाइंडिंगच्या दुकानात मात्र ब्रिटिश एसडब्ल्यूजी गेज चालतं.

"काका, ४२ नंबरची तार आहे का?"

"आहे की. किती देऊ?"

आणि काका प्रामाणिकपणे ०.१ मिलिमीटरची तार तोलून देतात. ती आणून गुंडाळायला बसलं की निम्मी वेटोळी व्हायच्या आतच बॉबिन भरून वाहतं. दुकानात मागायची ती ४६ नंबरची.

मग रोध नाही तर काय बघायचं? इंडक्टन्स. हेन्रीमध्ये मोजला जाणारा हा आकडा चांगले उत्पादक देतात, आणि न दिल्यास साध्या एलसीआर मीटरवर कळतो. गिटारची केबल म्हणजे एक लांबट कपॅसिटरच. मीटरला साधारण शंभर पिकोफॅरॅड. पिकअपचा इंडक्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स मिळून एका ठराविक फ्रीक्वेन्सीला उचल देतात आणि तिच्या वरचं सगळं कापून टाकतात. ही उचल कुठं येते, त्यावर पिकअपचा स्वभाव ठरतो. पाच मीटरची केबल आणि कॉइलची स्वतःची थोडी मिळून ६०० पिकोफॅरॅड धरले, तर २.४ हेन्रीच्या स्ट्रॅट पिकअपची उचल ४२०० हर्ट्झच्या आसपास येते. म्हणून तो किणकिणतो. जुन्या धर्तीच्या हंबकरचे ४.४ हेन्री धरले तर ३१०० हर्ट्झ: उबदार, तरी बोलका. ८ हेन्रीचा 'हॉट' हंबकर २३०० वर येतो. जाड, मधल्या पट्टीत खेकसणारा आणि वरून बंद. आवाजाची जातच यात येते. डिस्टॉर्शन लावून ठोकायचं असेल तर हा तिसरा बरा, कारण वरची किरकिर तो आधीच गाळतो. स्वच्छ आवाजात कॉर्डांचे नाजूक तुकडे वाजवायचे असतील तर तोच पिकअप गिटारचं तोंड दाबतो.

यातून एक स्वस्तातली युक्तीही निघते. सिंगल कॉइल फारच टोचत असेल तर पाच मीटरच्या जागी नऊ मीटरची केबल लावून ऐका. उचल ४२००वरून ३२५०च्या आसपास उतरते. आवडलं, तर चार-पाचशे पिकोफॅरॅडचा एक कपॅसिटर व्हॉल्यूमच्या पॉटवर सोल्डर करून टाका आणि आपली जुनी आखूड केबल वापरा. पिकअप बदलण्याचा खर्च वाचला.

लाकडाबद्दल दोन शब्द, कारण घरी गिटार बनवणाऱ्याचा जीव लाकडात अडकलेला असतो. सागवान घेतलं, शिसवीचा फिंगरबोर्ड केला, मग आवाजात सागवान कुठं आहे? रेगेन्सबुर्गचे प्राध्यापक मानफ्रेड झोलनर यांनी इलेक्ट्रिक गिटारच्या भौतिकशास्त्रावरच्या आपल्या जाडजूड ग्रंथात मोजमापांनिशी दाखवलं आहे, की पिकअपमधून बाहेर येणाऱ्या आवाजात लाकडाचा वाटा फार लहान. जिम लिल या नॅशव्हिलच्या वादकानं तर दोन बाकांच्या मध्ये नुसत्या तारा ताणून, खाली पिकअप धरून वाजवून दाखवलं. बॉडी नावाची वस्तूच नव्हती, आवाज मात्र ओळखीचाच आला. लाकूड वजनासाठी, देखणेपणासाठी आणि मान सरळ राहावी म्हणून निवडावं. 'आंब्याच्या लाकडाला जुळणारा पिकअप' वगैरे शोधत बसू नये.

चुंबकाबद्दलही बरंच अध्यात्म चालतं. अल्निको म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांचा लोखंडाबरोबरचा मिश्रधातू. २, ३, ५ हे आकडे ताकदीच्या क्रमानं नाहीत. ३ हा २ पेक्षा कमजोर, आणि गंमत म्हणजे त्यात कोबाल्टच नसतो. ५ जोरदार आणि टणक, २ जरा मऊ. सिरॅमिक कर्कश असतो असा समज आहे, तो संगतीचा दोष. सिरॅमिक चुंबक बहुधा भरमसाट वेटोळ्यांच्या पिकअपमध्ये घालतात, आणि शिव्या चुंबकाला बसतात.

एका बाबतीत मात्र चुंबकाची पाहणी खरोखर उपयोगी पडते. स्वस्त किटमधला सिंगल कॉइल पिकअप उलटा करून बघा. खाली सिरॅमिकची एक पट्टी चिकटवलेली दिसली, तर वर दिसणारे सहा खिळे चुंबक नाहीत, साधे पोलादी आहेत. पोलादामुळे इंडक्टन्स चढतो, वरच्या पट्टीची धार मरते आणि 'स्ट्रॅट असून स्ट्रॅटसारखं वाजत नाही' ही तक्रार जन्माला येते. इथं पॉट बदलून, उंची जुळवून काही होत नाही. अल्निकोच्या सळ्यांचा खरा सिंगल कॉइल आणला की फरक पहिल्या झंकारात कळतो. किट जोडणाऱ्यांनी पिकअपवर खर्च करावा असं हे माझ्या मते सगळ्यात सबळ कारण. आणि हा खर्च फार नसतो, कारण साधा, अल्निको ५ चा, ४२ गेजचा सिंगल कॉइल बनवणं अवघड नाही. कोणाही नीटस कारागिराचा चालतो.

बाजारात काय काय मिळतं ते आता. सिंगल कॉइलचा मूळ दोष भणभण. कॉइल तारेबरोबर घरातल्या विजेचंही ऐकते. त्याच जातीचा गिब्सनचा पी-९०, १९४६चा: रुंद कॉइल, खाली दोन पट्टीचुंबक, आवाज मांसल आणि किंचित खडबडीत. मला विचाराल तर पी-९० हा सगळ्यात दुर्लक्षित पर्याय आहे. हंबकरच्या मापाच्या साच्यातही तो मिळतो, म्हणजे खाच न वाढवता बसतो.

भणभणीवरचा उतारा सेथ लव्हरनं काढला. तो मिशिगनमधल्या कलामाझूला गिब्सनमध्ये होता. दोन कॉइल शेजारी ठेवायच्या, एकीचा चुंबकध्रुव उलटा आणि वेटोळीही उलटी. बाहेरची भणभण दोन्हींत उलटसुलट येते आणि एकमेकींना मारते, तारेचा आवाज मात्र जुळून येतो. १९५५ मध्ये अर्ज, १९५७ मध्ये गिटारवर, १९५९ मध्ये पेटंट. मधल्या काळात पिकअपखाली 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशा अर्थाचं छोटं लेबल असायचं. त्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून 'पीएएफ' हे नाव पडलं, आणि आज त्या लेबलाला सोन्याचा भाव आहे. नंतरच्या लेबलावर गिब्सननं पेटंट क्रमांक छापला, तोही लेस पॉलच्या टेलपीसच्या पेटंटचा! असली पीएएफ पिकअपांमध्ये एकसारखेपणा नव्हता. वेटोळ्यांची संख्या कमीजास्त, हाताला येईल तो चुंबक. त्यामुळे 'अस्सल पीएएफ आवाज' असं एकच काही नाही, आणि तो विकणाऱ्यांची जाहिरात त्या मानानं वाचावी.

पिकअप बदलणं हा धंदा झाला तो १९७०च्या दशकात. त्याआधी दुसऱ्या गिटारचं पोट फाडावं लागे, व्हॅन हेलननं पुढंही केलं तसं. लॅरी डिमार्झिओचा 'सुपर डिस्टॉर्शन' १९७२चा: सिरॅमिक चुंबक, जास्त वेटोळी, अ‍ॅम्पचे व्हॉल्व्ह तापवण्यासाठीच जन्मलेला. १९७६ मध्ये सेमूर डंकन आणि कॅथी कार्टर डंकन यांनी सँटा बार्बरात कंपनी काढली. त्यांचा 'जेबी' आजही बदली हंबकरांत सर्वांत ओळखीचा. त्याच वर्षी रॉब टर्नर यांची पुढं ईएमजी नावानं गाजलेली कंपनी सुरू झाली. तिचे अ‍ॅक्टिव्ह पिकअप म्हणजे कमी वेटोळ्यांची कॉइल आणि आतच एक छोटा प्रीअ‍ॅम्प. मेटल वाजवणाऱ्यांनी ते उचलून धरले. डेव्हिड गिल्मोरच्या लाल स्ट्रॅटमध्येही तेच होते. केबल कितीही लांब असो, यांच्या आवाजात फरक पडत नाही, भणभण जवळपास शून्य. पण घरी बनवणाऱ्यानं आधी तीन गोष्टी तपासाव्यात. ९ व्होल्टची बॅटरी मावेल अशी खाच आहे का. पॉट २५ किलोओहमचे लागतात. आणि जॅक स्टिरिओ लागतो, कारण प्लग घातल्यावरच बॅटरी चालू होते. प्लग रात्रभर तसाच राहिला की बॅटरी जळत राहते. साधा पिकअप आणि अ‍ॅक्टिव्ह एकाच गिटारमध्ये एकत्र नांदवणं शक्य आहे, पण नवशिक्यानं त्या भानगडीत पडू नये. गेल्या दहा-बारा वर्षांत फिशमनचे 'फ्लुएन्स' आले आहेत. त्यांत गुंडाळलेली तारच नाही, छापील सर्किटचे थर आहेत. चांगले आहेत, महाग आहेत.

सिंगल कॉइलच्या साच्यातले भणभणमुक्त पिकअप, म्हणजे एकावर एक दोन कॉइल किंवा दोन अरुंद पट्ट्या, यांच्याबद्दल मत द्यायचं तर असं: एकावर एकवाले सुधारत गेले आहेत आणि रोजच्या वापराला उत्तम, पट्ट्यांवाले म्हणजे सिंगल कॉइलच्या वेषातले हंबकर, त्यांच्याकडून स्ट्रॅटच्या आवाजाची अपेक्षा ठेवू नये.

भणभणीचा प्रश्न आपल्याकडे परदेशी पुस्तकांत असतो त्यापेक्षा मोठा आहे. जुन्या इमारतींत अर्थिंग नावालाच असतं. त्यात छताच्या पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, जुन्या ट्यूबलाइटचा चोक आणि शेजारच्या खोलीतला इन्व्हर्टर. पण भणभण दोन जातींची असते, आणि त्यांचे उपाय वेगळे. एक जाड, खर्जातली, ५० आणि १०० हर्ट्झची 'हूं'. गिटार हातात धरून गोल फिरलं की ती कमीजास्त होते. ही चुंबकीय, कॉइलमधून शिरते आणि तिला हंबकर किंवा भणभणमुक्त पिकअप हाच उपाय. दुसरी बारीक, झिणझिणणारी, माशीसारखी. तारांना हात लावला की बसते, सोडला की उठते. ही विद्युतक्षेत्राची. हंबकर आणून ती जात नाही. तिला खाचांच्या आतून तांब्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची फॉइल लावून ती अर्थला जोडायची, ब्रिजला अर्थची तार आहे ना ते पाहायचं. घरी बनवलेल्या गिटारमध्ये हीच तार विसरलेली असते. तारांना हात लावून काहीच फरक पडत नसेल, तर आधी तिचाच संशय घ्या. आणि रेग्युलेटर पूर्ण मोकळा सोडून किंवा पंखा बंद करून एकदा ऐका. अर्ध्या पिकअप-खरेद्या तिथंच थांबतील.

आता बसवण्याच्या अडचणी. पिकअप मागवण्याआधी पट्टी घेऊन पहिल्या आणि सहाव्या तारेतलं अंतर पिकअपच्या जागी मोजा. गिब्सन धर्तीचे हंबकर ४९ मिलिमीटरच्या आसपास, फेंडर ब्रिजसाठीचे ५१-५२. थोडं इकडेतिकडे झालं तर आवाजाचं फार बिघडत नाही, व्हॅन हेलनचा तिरकेपणा आठवा. पण डोळ्याला खटकतं. खाचेची खोलीही मोजा. हंबकरचे पाय खाली टेकले की उंची कमी करता येत नाही, आणि वार्निश झालेल्या बॉडीत पुन्हा राउटर चालवण्याइतकं दुःख दुसरं नाही. चोवीस फ्रेटची मान केली असेल तर नेकचा पिकअप ब्रिजकडे सरकतो. बावीस फ्रेटच्या गिटारमध्ये तो मोकळ्या तारेच्या लांबीच्या चतुर्थांशापाशी असतो, तिथून सरकला की तो गोल, पोकळ आवाज थोडा हरवतो. जगातला कोणताही पिकअप तो परत आणणार नाही.

दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे पिकअप एकत्र लावताना फेजचा घोटाळा होतो. दोन्ही एकदम चालू केले की आवाज नाकातला, पोटातून रिकामा येतो. हे काही जणांना आवडतं. पीटर ग्रीनच्या लेस पॉलमध्ये नेकच्या पिकअपचा चुंबक उलटा होता, त्याच मधल्या आवाजासाठी ती गिटार प्रसिद्ध झाली आणि गॅरी मूरकडून पुढं कर्क हॅमेटकडे गेली. आपल्याला नको असेल तर बसवण्याआधी तपासता येतं. पिकअपच्या दोन तारांना मल्टीमीटर लावायचा, स्क्रूड्रायव्हर खिळ्यांना चिकटवून झटकन उचलायचा, आकडा क्षणभर वर उडतो की खाली ते पाहायचं. दोन्ही पिकअपांचं उत्तर सारखं आलं पाहिजे. स्ट्रॅट धर्तीच्या तीन पिकअपांत मधला मुद्दाम उलट्या चुंबकाचा आणि उलट्या वेटोळ्यांचा घ्यावा, म्हणजे दोन-दोनच्या जोड्यांत भणभण मरते.

हंबकर शक्यतो चार तारांचा घ्या. त्यात एकच कॉइल चालू ठेवणं किंवा दोन्ही समांतर जोडणं जमतं, आणि एका पिकअपमधून दोन-तीन आवाज मिळतात. मात्र रंगांच्या भरवशावर सोल्डरिंग आयर्न उचलू नका. डंकनच्या हंबकरमध्ये काळी तार आवाजाची, लाल आणि पांढरी एकमेकींना जोडायच्या, हिरवी आणि उघडी तार अर्थला. डिमार्झिओमध्ये लाल आवाजाची, काळी आणि पांढरी एकत्र, हिरवी आणि उघडी अर्थला. म्हणजे एकीकडची आवाजाची तार दुसरीकडे मधल्या जोडात जाते. बिननावाच्या चिनी पिकअपमध्ये तर मल्टीमीटर घेऊन जोड्या शोधणं हाच मार्ग.

शिट्टीची तक्रार असेल, म्हणजे आवाज वाढवताच पिकअप किंचाळत असेल, तर कॉइलची तार किंवा धातूचं झाकण आत थरथरतंय. मेणात बुडवलेला पिकअप घ्या. घरी बुडवणार असाल तर मेण साधारण ६५ अंशांवर, थर्मामीटर लावून आणि पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवूनच वितळवा. थेट गॅसवर ठेवलेलं मेण पेटतं, आणि जास्त तापलं तर प्लास्टिकचं बॉबिन वाकतं. झाकण पितळी असेल तर ते वरची पट्टी खातं. निकेल-सिल्व्हरचं घ्या किंवा काढूनच टाका. कोकणात-गोव्यात राहणाऱ्यांसाठी एक जास्तीची सूचना: खाऱ्या, दमट हवेत बारीक तार जोडापाशी हिरवी पडून तुटते. मेण भरलेला पिकअप तिथं आवाजासाठी नव्हे, आयुष्यासाठी घ्यावा.

इतकं सगळं पाहिल्यावर माझा कौल असा. पहिल्यांदा गिटार बनवणाऱ्यानं ब्रिजला मध्यम वेटोळ्यांचा, अल्निको ५ चा, चार तारांचा, मेण भरलेला हंबकर घ्यावा. ८-९ के, पाच हेन्रीच्या आसपास, कंपनी कोणतीही. किंवा गिटार स्ट्रॅट-टेलीच्या वळणाची असेल तर खऱ्या अल्निको सळ्यांचा सिंगल कॉइल. अति-हॉट पिकअप हा घाईचा निर्णय असतो. जोर अ‍ॅम्पमधून किंवा पेडलमधून केव्हाही वाढवता येतो, पिकअपनं कापलेली वरची पट्टी मात्र कुठूनच परत येत नाही. दोन्ही पिकअपांचे पैसे हाताशी असले तरी आधी ब्रिजचाच बदला, महिनाभर वाजवा आणि मग नेककडे बघा. बहुतेक गिटारींमध्ये नेकचा पिकअप आहे तोच राहतो.